मधला क्लॅम्प

रंगरावांनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू पास केली होती, ती म्हणजे त्यांची गाडी. बाकी जे हातात आलं ते त्यांनी परत पाठवलं. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते फायनल इन्स्पेक्शनला होते आणि ती कंपनी सायलेन्सर बनवायची. गाडीच्या कारखान्याला जाणारा प्रत्येक सायलेन्सर आधी रंगरावांच्या टेबलावर यायचा आणि त्यातले बरेच तिथूनच माघारी फिरायचे. वेल्डिंग जरा फुगलं, भोक केसभर सरकलं, की रंगराव लाल खडूनं फुली मारायचे. प्रॉडक्शनवाले त्यांना पाठीमागं ‘फुलीराव’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

अशी नोकरी माणूस गेटवर ठेवून येत नाही, ती बसमध्ये बसून घरापर्यंत येते. रहाटणीच्या घरीसुद्धा रंगराव मेथीची जुडी उलटी करून बघायचे, नव्या चादरीची शिवण खिडकीशी धरायचे, आणि मुलीसाठी आलेली दोन स्थळं त्यांनी ‘फिनिशिंग नाही’ म्हणून परत पाठवली होती. सुमनताईंनी औशाहून पुण्यात येऊन या माणसाबरोबर संसार केला तो अशा वातावरणात. त्यांना कुणी विचारलं, मिस्टर काय करतात, तर त्या म्हणायच्या, “कंपनीत आहेत.” हे उत्तर रंगरावांना टोचायचं. इथं ‘कंपनीत आहेत’ म्हणजे माणूस श्वास घेतो, एवढीच माहिती झाली. सगळेच कंपनीत आहेत. डिपार्टमेंट कुठलं, ते सांगायला जीभ झिजते का?

तर ती गाडी. शोरूममध्ये दोन तास तिच्याभोवती फिरून, खाली आडवं पडून, सेल्समनला घाम फोडून त्यांनी ती पास केली होती. आता तिला पंधरा वर्षं होत आली होती. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा आरटीओला दाखवावी लागते. साहेबांनी पास केली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. सुमनताईंचा सख्खा भाऊ भंगाराच्याच धंद्यात होता आणि त्यानं सणावाराला येऊन गाडीकडं ज्या नजरेनं बघायला सुरुवात केली होती, ती नजर रंगरावांना सहन होत नव्हती. गाडी नापास झाली असती तर प्रश्न गाडीचा नव्हता. आयुष्यात एकदाच दिलेला ‘ओके’ चुकला असं त्याचा अर्थ झाला असता, आणि तेही मेव्हण्यासमोर.

इंजिन ठणठणीत होतं. सायलेन्सर मात्र गंजून चाळणी झाला होता. सायलेन्सर तपासणाऱ्या माणसाच्या गाडीचाच सायलेन्सर.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. कंपनीतून घ्यावा, तर रंगरावांच्या कंपनीत बनणारे सायलेन्सर सगळे नव्या गाड्यांचे. कारखान्यांच्या या पट्ट्यातून रोज ट्रेलर भरभरून कोऱ्या गाड्या जातात, त्यांच्या रांगेमुळं आपली कंपनीची बस नाक्यावर तासभर अडकते, आणि त्या गाड्या बनवणारा माणूस आपल्या जुन्या गाडीचा एक पाइप शोधत चिंचवडच्या बाजारात हिंडतो. याला औद्योगिक प्रगती म्हणतात. तसे फलक लावलेले आहेत.

बाजारातला दुकानदार म्हणाला, ओरिजिनल जिथं बनतो तिथलाच माल आहे, फक्त खोका वेगळा. खोक्यावर लिहिलं होतं की मापं आंतरराष्ट्रीय दर्जाची आहेत. कुठल्या राष्ट्राची ते लिहिलं नव्हतं. रंगरावांनी खिशातून मोजमापाचा व्हर्नियर काढला. पहिल्या सायलेन्सरची शिवण उघडी होती. दुसरा हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं. तिसऱ्या खोक्यात भलत्याच गाडीचा पाइप निघाला. दुकानदारानं इतर गिऱ्हाइकांकडं बघून खांदे उडवले आणि चौथा काढला, तो शेवटचाच होता. रंगरावांनी तो लांबी, रुंदी, जाडी, भोकं, सगळं मोजून घेतला.

इथं त्यांचं चुकलं. कंपनीत प्रत्येक मालाला एक लोखंडी साचा असतो. माल त्यात बसला तर बसला, नाही तर फुली. बाजारात साचा नव्हता. साचा म्हणजे त्यांची स्वतःची गाडी, ती रहाटणीत पार्किंगमध्ये उभी होती. त्यांनी सगळं मोजलं आणि कशाशीच जुळवलं नाही.

काळेवाडीच्या गणराजनं आपल्या गॅरेजात गाडी खड्ड्यावर घेतली तेव्हा खरं काय ते दिसलं. पुढच्या जोडाला तीन भोकं होती. दोन जुळत, तिसरं काही केल्या जुळेना. तिसरं जुळवलं की पहिली दोन रुसायची. मागचा पाइप जाऊन ॲक्सलला टेकत होता आणि ज्या रबरात सायलेन्सर लटकायचा, ते रबर त्याच्या कडीपासून बोटभर लांब. गणराजनं गॅस पेटवला, पाइप लाल केला आणि हातोडा उचलला.

“हातोडा हे मोजमापाचं साधन नाही,” रंगराव म्हणाले.

“काका, बाजारचा माल आपणहून बसत नाही. त्याला बसवावा लागतो.”

यावर रंगरावांनी त्याला भोकाचं केंद्र, वाकवण्याची मर्यादा आणि लोखंडाचा स्वभाव यांवर बरंच ऐकवलं. गणराज पोरगा शांत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातोडा रंगरावांच्या हातात दिला आणि चहा प्यायला निघून गेला. तो परत येईपर्यंत रंगरावांनी दोन बोल्ट स्वतः लावले, मागची बाजू तारेनं बांधली आणि स्वाभिमान शाबूत ठेवून गाडी घरी आणली.

गाडीचा आवाज गाडीच्या आधी घरी पोचला होता.

रंगराव राहत ती बिल्डिंग म्हणजे सोजराई हाइट्स. जागा मूळची बबनरावांची, नाव त्यांच्या आईचं, तळमजला त्यांचा आणि मागच्या मोकळ्या तुकड्यावर गोठाही त्यांचाच. जमिनीचे पैसे आले, पोराला गाड्या आल्या, पण त्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, तीन म्हशी सोडल्या नाहीत. अख्ख्या बिल्डिंगला दूध त्यांचं. रंगरावांची गाडी फाटकातून आत आली ती नेमकी धारेच्या वेळेला. पहिल्या म्हशीनं कान टवकारले, दुसरीनं दाव्याला हिसडा दिला आणि तिसरीनं पान्हा चोरला. त्या संध्याकाळी छबूबाईंच्या किटलीचा तळ झाकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव कंपनीची बस सोडून मुद्दाम गाडीनंच फर्स्ट शिफ्टला निघाले, तेव्हा म्हशींनी गाडी सुरू व्हायची वाटही बघितली नाही. किल्लीचा आवाज ऐकूनच त्यांनी दूध आवरलं.

मग बिल्डिंगभर काळा चहा सुरू झाला आणि काळ्या चहाबरोबर सल्ले. कुणी म्हणालं पाइपात तारेची घासणी कोंबा, कुणी म्हणालं साबण लावा, पहिल्या मजल्यावरचे एचआरवाले म्हणाले, पॉझिटिव्ह बघा, गाडी येतेय हे लांबूनच कळतं, अपघात टळतील. बबनराव स्वतः वर आले. पान्हा हा विषय त्यांच्या घरात कोर्टकचेरीच्या वरचा.

“रंगराव, गाडी तुमची हाय, जागा आमी तुमाला दिलीया, पर म्हस कुनाचं ऐकत न्हाई. आमच्या ट्रॅक्टरकडं बघा. सायलेन्सर सरळ वर, आभाळात. खाली सरपटायची भानगडच न्हाई.”

रंगरावांनी सांगितलं की गाडीला टप असतो. बबनराव म्हणाले, मग टपाला भोक पाडायचं, त्यात काय. जाताना त्यांनी हुकूम सोडला की सायलेन्सर दुरुस्त होईपर्यंत गाडी आवारात सुरू करायची नाही.

आता बसनं जाणं म्हणजे स्वतःच्या गाडीला फुली मारणं, म्हणून तेव्हापासून रोज सकाळी सुमनताई स्टिअरिंगवर आणि रंगराव मागून ढकलताहेत, अशी वरात निघायची. चौकाच्या पुढं गेलं की गाडी सुरू करायची. महाळुंग्यात ज्या माणसाच्या फुलीला मॅनेजर घाबरतो, तो माणूस टॉवेल खांद्यावर टाकून स्वतःची गाडी ढकलतोय हे दूधवाले, पेपरवाले आणि कंपन्यांच्या बसमधले सगळे बघायचे. त्यात त्यांच्याच कंपनीची बसही असायची. प्रॉडक्शनवाल्यांनी खिडकीतून हात हलवला. एकानं हवेत बोटानं फुली काढली.

पासिंगची तारीख जवळ आली तसा सेकंड फ्लोअरच्या सुजितला जोर चढला. हा चाकणच्या गाडीच्या कारखान्यात लाइन लीडर. त्यानं गुरुवारी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. गुरुवार हा या पट्ट्याचा रविवार, सुट्टीचा वार. सुजितचं म्हणणं असं की या एका बिल्डिंगमधले लोक मिळून रोज शेकडो गाड्या बनवतात. ज्यांनी गाडी बनवली त्यांना एक सायलेन्सर बसवता येणार नाही? सगळ्यांना ते पटलं. दुधाविना दिवस काढलेल्या माणसांना काहीही पटतं.

खरं बोलायचं तर या लोकांतल्या कुणीही आजवर गाडी बनवली नव्हती. एक जण पुढचा डावा दरवाजा लावायचा. एक जण सीटचे बोल्ट टाकायचा. एक जण मागच्या काचेवर स्टिकर चिकटवायचा आणि ते तो गेली कित्येक वर्षं बिनचूक चिकटवत होता. कंपनी माणसाला गाडी शिकवत नाही, गाडीचा हातभर तुकडा शिकवते. म्हणजे तो माणूस उद्या बाहेर जाऊन स्वतःचं गॅरेज टाकत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि वार्षिक स्नेहसंमेलनात कुणी बोलत नाही.

या सगळ्यांत एकटा चिमाजी खराखुरा सायलेन्सरच्या स्टेशनवर, म्हणजे लाइनवर सायलेन्सर बसवतात त्या जागी होता. तो सेकंड शिफ्टला, त्याच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी नव्हती. तरी जेवून, डबा घेऊन, युनिफॉर्म घालूनच खाली आला.

गोठ्यासमोरच्या दगडी उतारावर गाडी चढवली. सुजितनं खांबावर खडूनं स्टेशनं लिहिली, माणसं वाटून दिली. रंगराव बाह्या सरसावून पुढं झाले, तर सुजित म्हणाला, “काका, आज तुम्ही कस्टमर. कस्टमरला लाइनवर एंट्री नसते.”

रंगरावांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. हातात काळा चहा दिला. आयुष्यभर लाइनच्या शेवटी उभा राहिलेला माणूस लाइनच्या बाहेर बसला.

काम मात्र देखणं झालं. कानस मारून तिसरं भोक जुळवलं, रबराची कडी कापून नवी वेल्ड करून आणली, पुढचा जोड आवळला, मागचा पाइप ॲक्सलपासून सुटला. पुढचा आणि मागचा भाग जिथं एकमेकांत शिरतो तिथला मधला क्लॅम्प, म्हणजे पट्टीचा कडक वेढा, चिमाजीनं चढवला. काय तो हात. गाडीखाली घसरला, क्लॅम्प सरकवला, बोल्टला बोटांनी आटे दिले, “झालं” म्हणाला, आणि तेवढ्यात चौकात त्याच्या बसचा हॉर्न वाजला. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. चिमाजी डबा उचलून पळाला.

सुजितनं एकेकाला विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, माझं झालं. गाडी सुरू केली. आवाज गेला होता. म्हशींनी रवंथ थांबवून एकदा बघितलं आणि परत सुरू केला. छबूबाईंनी नारळ फोडला. टाळ्या पडल्या. रंगराव खुर्चीतून उठले, सवयीनं एक गुडघा टेकला आणि खाली वाकू लागले.

“काका,” सुजित म्हणाला, “विश्वास नाही का आमच्यावर?”

खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभी असलेली अख्खी बिल्डिंग रंगरावांकडं बघत होती. रंगराव गुडघा झटकून उभे राहिले.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी खालून न बघता सोडलेला हा पहिला माल.

आरटीओच्या मैदानावर सुमनताई सोबत आल्या. साक्षीला आलेय, म्हणाल्या. गाडी नापास झाली तर भावाला फोन लावायला, असा रंगरावांनी त्याचा अर्थ घेतला. रांग लांब होती. एकानं येऊन सांगितलं की मागच्या नंबरप्लेटचा स्क्रू जुना आहे, दुसऱ्यानं सांगितलं रिफ्लेक्टरची पट्टी इथल्याच टपरीतून घेतलेली लागते. एक एजंट खिडकीशी वाकून म्हणाला, काका, कशाला उन्हात बसता, मी आहे ना. रंगरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काच वर केली.

तपासणीला एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या. सकाळपासून उन्हात उभ्या. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबायला लावला, चेसिस नंबर पडताळून घेतला. इंजिन सुरू करायला सांगितलं, ऐकलं, मान हलवली. हातातल्या टॅबवर बोट फिरवलं.

“ठीक आहे काका. पास करते.”

रंगरावांनी सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. पण त्यांना आवाज आला होता. टक. मध्ये जरा थांबून परत टक. सुमनताईंना ऐकू आला नाही, मॅडमना आला नाही, मागच्या रिक्षावाल्याला तर शक्यच नव्हतं. आयुष्य सायलेन्सरला कान लावण्यात गेलेल्या माणसाला तो आला. मैदानाच्या तोंडाशी एक दणकट गतिरोधक होता, तिथं काहीतरी सुटलं होतं. गप्प बसायचं होतं फक्त. गाडी पास झाली होती, मेव्हणा हरला होता, पाच वर्षांची निश्चिंती होती. रंगरावांनी ओठ घट्ट मिटले. त्यांचा चेहरा लाल झाला.

“मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही खालून बघितलं नाहीत.”

“काका, मी पास करतेय.”

“तेच म्हणतोय मी. खालून न बघता कसं काय पास करता?”

मॅडमनी टॅब बगलेत मारला, गाडीच्या मागं गेल्या आणि बुटाच्या टोकानं सायलेन्सरला हलकेच ढकललं. मधला जोड सुटला. सायलेन्सर रबरातून निसटून जमिनीवर पडला आणि गाडीनं सगळं मैदान दणाणून टाकलं. रांगेतल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. रंगरावांनी इंजिन बंद केलं.

“आता?” मॅडमनी विचारलं.

“रिजेक्ट,” रंगराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर सायलेन्सर मागच्या सीटवर होता आणि गाडी सगळ्या गावाला सांगत चालली होती. सिग्नलला लोक वळून बघत होते. सुमनताईंनी भावाला फोन लावला नाही. मग मोठ्यानं, म्हणजे या आवाजात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “कंपनीत हेच करताव का तुमी?”

“हेच.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. रंगरावांना त्या मान हलवण्याचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये चौकशी बसली. प्रत्येकानं आपापला बोल्ट दाखवला, प्रत्येकाचा बोल्ट जागच्या जागी होता. चिमाजीची त्या आठवड्यात नाइट शिफ्ट होती, त्याला झोपेतून उठवून आणलं. तो डोळे चोळत म्हणाला, “मी दोन आटे दिले होते की. माझं स्टेशन तेवढंच. आवळायचं काम पुढच्या स्टेशनचं असतं, त्याच्याकडं बोल्ट आवळायची हवेची गन असते.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. कारखान्यात तो दिवसभर हेच करतो आणि तिथल्या गाड्या धड चालतात. पुढच्या स्टेशनवर त्या दिवशी कोण होतं, हे सुजितनं खांबावरच्या खडूच्या अक्षरांत शोधलं. तिथं कुणीच नव्हतं. चिमाजीच्या पुढं फक्त एक प्लास्टिकची खुर्ची होती. सगळ्यांनी एकदा खुर्चीकडं आणि एकदा रंगरावांकडं बघितलं. बबनराव तेवढे पुटपुटले, “म्हनून म्हनत व्हतो, आभाळात.”

दुसऱ्या दिवशी रंगराव गाडी ढकलत चौकापर्यंत आणि तिथून वाजत गाजत गणराजकडं गेले. गणराजनं आवाजावरून ओळखून आधीच खड्ड्यावरच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. या वेळी दोघं खाली उतरले. जिथं हातोडा लागतो तिथं रंगरावांनी तोंड फिरवलं आणि जिथं माप लागतं तिथं गणराजनं हात आखडला. पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत प्रत्येक बोल्ट रंगरावांनी स्वतः आवळला. वर आले तेव्हा केसांत गंज होता. गणराज म्हणाला, काका, कंपनी सोडलीत तर इकडं या. रंगरावांना हे कुणीतरी प्रॉडक्शनवाल्यांसमोर म्हणायला हवं होतं असं वाटलं.

मैदानावर परत तीच रांग, तेच ऊन, त्याच मॅडम. त्यांनी गाडी ओळखली, मग रंगरावांना ओळखलं. दिवे, हॉर्न, ब्रेक झाले. मग त्यांनी ऑफिसातल्या ड्रॉवरमधली बॅटरी मागवली आणि रंगरावांसमोर धरली.

“तुम्हीच बघा काका. सांगा मला, काय लिहू.”

ही थट्टा आहे का, हे रंगरावांनी क्षणभर तपासलं. मग शर्टाची पर्वा न करता ते आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. वेळ गेला. मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊ लागला. मॅडमनी घड्याळ बघितलं. चपला हलल्या, पण बाहेर आल्या नाहीत.

“काका, काय लिहू?”

“थांबा,” खालून आवाज आला. “मधला क्लॅम्प अर्धा आटा ढिला वाटतोय. पाना आहे का कुणाकडं?”

रांगेतून एक सामुदायिक उसासा निघाला. टेम्पोवाल्यानं शिव्या देत देत पाना काढून दिला, कारण त्याशिवाय त्याचा नंबर लागणार नव्हता. मागच्या खेपेचा तो एजंट घोळक्यातून वाट काढत आला. वाकून त्यानं चपलांकडं बघितलं, हसत उभ्या असलेल्या मॅडमकडं बघितलं, आणि सुमनताईंच्या खिडकीशी येऊन आवाज खाली घेत विचारलं, “ताई, साहेब कुठल्या खात्यात आहेत?”

सुमनताईंनी पदर नीट केला.

“फायनल इन्स्पेक्शनला आहेत,” त्या म्हणाल्या. “जरा वेळ लागतो.”